शेल स्क्रिप्टला ‘नवी फाईल’ कशी कळते?

ऑक्टोबर २०२५मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीची २५.१० ही आवृत्ती आली आणि थोड्याच दिवसांत एक चमत्कारिक बिघाड उघडकीला आला. काही संगणकांवर नवे अपडेट आलेत का हे आपोआप तपासण्याचं काम थांबलं होतं. हाताने आज्ञा दिली तर अपडेट व्यवस्थित होत होते, त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकाही यायचं कारण नव्हतं. या आवृत्तीत ‘डेट’सारख्या रोजच्या आज्ञा रस्ट भाषेत नव्याने लिहिलेल्या घेतल्या होत्या. ‘डेट’ला ‘-आर’ हा पर्याय आणि फाईलचं नाव दिलं की ती फाईल शेवटची कधी बदलली हे तिने सांगायला हवं. ही नवी ‘डेट’ मात्र बिनबोभाट आत्ताचीच वेळ सांगत होती. अपडेट तपासणारी स्क्रिप्ट एका खुणेच्या फाईलची तारीख पाहून मागच्या तपासणीला किती वेळ झाला ते ठरवते. तिला दरवेळी उत्तर मिळायचं, आत्ताच तर झाली तपासणी. की ती तशीच परत.

दुरुस्ती लगेच आली. पण फाईलवरची तारीख बघून निर्णय घेणाऱ्या स्क्रिप्ट सगळीकडे असतात. बॅकअप, प्रोग्राम कंपाईल करणं, जुने लॉग पुसणं, एका यादीवरून अहवाल तयार करणं, या सगळ्यांचा पाया एकच प्रश्न असतो: या दोनांपैकी नवी कुठली? प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच घोळ होतो.

एक सूचना. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

## फाईलवरचा शिक्का

कचेरीत आलेल्या कागदावर तारखेचा रबरी शिक्का मारतात, तसं काहीसं युनिक्स आणि लिनक्स प्रत्येक फाईलबाबत करतात. फाईलमध्ये कुणी काही लिहिलं की त्या क्षणाची वेळ तिच्या नोंदीत चढते. या नोंदीला ‘एमटाईम’ म्हणतात. शिक्का कधी मारला एवढंच तो सांगतो, कागदावर काय लिहिलंय किंवा ते खरोखर बदललं का, हे नाही. फाईल उघडून काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केली तरी बहुतेक एडिटर तीच अक्षरं पुन्हा लिहितात आणि शिक्का नवा पडतो. आणि शिक्क्यावरची तारीख जशी हाताने फिरवता येते, तसा एमटाईमही ‘टच’ या आज्ञेने हवा तो करता येतो.

याच्या जोडीला आणखी दोन वेळा असतात. फाईल शेवटची कधी वाचली तो ‘एटाईम’; त्याच्यावर फारसं विसंबू नये, कारण वेग वाचवण्यासाठी आजच्या लिनक्सवर तो दरवेळी बदललाच जात नाही. दुसरा ‘सीटाईम’. मजकूर, परवानग्या, मालक यांपैकी काहीही बदललं की तो पुढे सरकतो, आणि तो ‘टच’ने मागे नेता येत नाही. तो पुढे कामाला येईल.

आत या वेळा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद म्हणून साठवलेल्या असतात, जागतिक वेळेनुसार. त्यामुळे तुलना करताना टाईमझोनचा प्रश्न येत नाही. दोन आकडे, मोठा तो नवा.

## शेलमध्ये हे विचारायचं कसं?

शेल म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे त्या आज्ञांची फाईल. बॅश, झेडशेल, डॅश, कॉर्न शेल हे त्याचे प्रकार. यांत चौकटी कंसात दोन फाईलनावांच्या मध्ये ‘-एनटी’ लिहिलं की पहिली दुसरीपेक्षा नवी आहे का, असा प्रश्न होतो. ‘-ओटी’ लिहिलं तर जुनी आहे का, असा. कॉर्न शेलमध्ये हे फार पूर्वीपासून आहे आणि बाकीच्या शेलनीही ते घेतलं, पण युनिक्सच्या वागणुकीचं अधिकृत मानक असलेल्या ‘पॉझिक्स’मध्ये ते थेट २०२४च्या आवृत्तीत आलं. तोवर जो तो आपापल्या मर्जीने वागत होता, आणि त्याचे परिणाम अजून भोगावे लागतात.

समजा ‘यादी’ या फाईलवरून ‘अहवाल’ बनवायचा आहे. बहुतेक जण पहिल्यांदा असं लिहितात: यादी अहवालापेक्षा नवी असेल तर अहवाल बनव. वाचायला अगदी बरोबर. आता अहवाल अजून तयारच झालेला नसेल तर? बॅश म्हणतो, पहिली फाईल आहे आणि दुसरी नाही, म्हणजे पहिली नवी. अहवाल बनतो. पॉझिक्सच्या २०२४च्या मानकातही हेच धरलं आहे. पण झेडशेल आणि आजवर वापरात असलेला डॅश म्हणतात, दोन्ही फाईल असल्याशिवाय तुलनाच नाही, म्हणून उत्तर ‘नाही’. तीच स्क्रिप्ट या शेलखाली चालवली तर अहवाल कधीच बनणार नाही आणि तक्रारही येणार नाही. डेबियन आणि उबुंटूवर ‘एसएच’ म्हणून चालणारा शेल डॅशच असतो, हे लक्षात घेतलं तर धोका किती जवळ आहे ते कळेल.

दुसरी अडचण बरोबरीची. दोन्ही फाईलींचा एमटाईम सारखाच असेल तर ‘नवी आहे का’चं उत्तर ‘नाही’ आणि ‘जुनी आहे का’चंही ‘नाही’. म्हणजे ‘नवी नाही’ याचा अर्थ ‘जुनी आहे’ असा होत नाही. बरोबरी झाली असताना आपली वरची ओळ गप्प बसते, आणि यादीतला शेवटचा बदल अहवालात येत नाही.

म्हणून मी प्रश्न उलटा विचारतो. अहवाल यादीपेक्षा नक्की नवा नसेल, तर बनव. आता अहवाल नसेल तर सगळ्या शेलमध्ये उत्तर ‘नवा नाही’ असं येतं आणि तो बनतो. वेळ सारखी असेल तरी बनतो. दिसायला फरक उद्गारचिन्हाचा (शेलमध्ये ते ‘नाही’ असा अर्थ देतं) आणि नावांच्या अदलाबदलीचा, पण पहिल्या ओळीत शंका आली की काम टळायचं आणि दुसरीत शंका आली की काम होतं. एकदा जास्तीचा अहवाल बनवला तर चार सेकंद जातात. शिळा अहवाल पुढे गेला तर काय जाईल ते सांगता येत नाही.

एक फट तरीही राहते. यादीच गायब असेल, तर बॅशच्या हिशेबाने अहवाल ‘नवा’ ठरतो आणि स्क्रिप्ट समाधानाने संपते. यादी आहे ना, हे आधी वेगळं तपासावं आणि नसेल तर आरडाओरडा करून थांबावं.

## त्यापेक्षा तारखा छापून घेऊन त्यांचीच तुलना केली तर?

ही सूचना हमखास येते, कारण ‘एलएस -एल’ने तारीख डोळ्यांसमोर दिसते. डोळ्यांसाठी ती ठीक आहे. पण ‘एलएस’ साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या फाईलींना तास-मिनिटं दाखवतं आणि त्याहून जुन्यांना वेळेऐवजी वर्ष. महिन्यांची नावं संगणकाच्या भाषेप्रमाणे बदलतात. असा मजकूर कापून त्याची तुलना करणारी स्क्रिप्ट दुसऱ्या संगणकावर गेली की मोडते. शिवाय छापलेली वेळ स्थानिक असते. जिथे वर्षातून एकदा घड्याळ तासभर मागे करतात तिथे त्या रात्री एकच वेळ दोनदा येते.

आकडाच हवा असेल, उदाहरणार्थ फाईल किती मिनिटं जुनी आहे हे मोजायला, तर ‘स्टॅट’ ही आज्ञा आहे. फक्त लिनक्सवर तिचा पर्याय ‘-सी %वाय’ (वाय कॅपिटल) आणि मॅकवर ‘-एफ %एम’, हे दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या स्क्रिप्टला सांभाळावं लागतं. आणि हे आकडे पूर्ण सेकंदांत मिळतात. सेकंदाचा अपूर्णांक फाईलच्या नोंदीत असतो, तो आपणच फेकून देतो आणि बरोबरीची शक्यता वाढवतो. दोन फाईलींपैकी नवी कुठली एवढंच हवं असेल, तर ‘-एनटी’च वापरावं.

## एका सेकंदात दोन बदल झाले तर?

अपूर्णांक किती बारीक मिळेल हे फाईल कुठे ठेवली आहे त्यावर ठरतं. डिस्कवर फाईली मांडून ठेवण्याच्या पद्धतीला फाईलसिस्टीम म्हणतात. जुन्या ‘एक्स्ट३’ फाईलसिस्टीमवर एक सेकंद. ‘एक्स्ट४’वर नॅनोसेकंदापर्यंत जागा आहे. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांवर आढळणाऱ्या ‘फॅट’ पद्धतीत मात्र बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनीच नोंदवता येते. त्याचा एक गमतीशीर परिणाम होतो. संगणकावरची फाईल तारखेसकट पेनड्राइव्हवर कॉपी केली की तिची वेळ खालच्या पायरीवर उतरते, म्हणजे मूळ फाईल कॉपीपेक्षा सेकंदभराने ‘नवी’ दिसते. ‘नवी असेल तर कॉपी कर’ असं सांगितलेली स्क्रिप्ट तीच फाईल दर खेपेला कॉपी करत बसते. बदललेल्या फाईली कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’मध्ये यासाठीच ‘मॉडिफाय-विंडो’ हा पर्याय आहे: एवढ्या सेकंदांचा फरक फरक मानू नकोस. फॅट वेळही स्थानिक घड्याळाप्रमाणे नोंदवतं, त्यामुळे टाईमझोन बदलला की सगळ्या तारखा काही तासांनी सरकलेल्या दिसू शकतात.

नॅनोसेकंदाची जागा आहे म्हणून नोंद तितकी अचूक असते असंही नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, फाईलींवर शिक्का मारताना वर्षानुवर्षं एक तयार ठेवलेली वेळ वापरत आला, आणि ती काही मिलिसेकंदांनी एकदा पुढे सरकायची. त्या मधल्या अवकाशात लिहिलेल्या दोन फाईलींवर अगदी तोच आकडा. ६.१३ या कर्नलपासून, गरज असेल तेव्हा बारीक वेळ नोंदवण्याची सोय काही फाईलसिस्टीमसाठी आली आहे. आपल्या स्क्रिप्टने त्यावर भिस्त ठेवू नये. बरोबरी होऊ शकते असं धरून लिहावं, मग फाईल कुठेही असो.

## कॉपी केली की तारखेचं काय होतं?

साधी ‘सीपी’ नवी फाईल बनवते, म्हणून शिक्का आत्ताचा. ‘सीपी -पी’ जुनी तारीख सोबत नेते. ‘एमव्ही’ने जागा किंवा नाव बदललं तर एमटाईम तसाच राहतो. ‘टार’ची गाठोडी सोडली की आतल्या फाईली आपल्या जुन्या तारखांसह बाहेर येतात. ‘आरसिंक’ला ‘-टी’ किंवा ‘-ए’ दिलं तरच ते तारखा टिकवतं.

फाईलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटची गोष्ट निराळी. गिट फाईलींचा एमटाईम साठवतच नाही. दुसऱ्या ब्रँचवर, म्हणजे कामाच्या दुसऱ्या शाखेवर, गेलात की जेवढ्या फाईली बदलाव्या लागल्या त्यांच्यावर आत्ताची वेळ पडते, मग तो मजकूर तीन वर्षांपूर्वीचा का असेना. प्रोग्राम कंपाईल करणाऱ्यांना हे सोयीचं आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं ‘मेक’ आजही एमटाईमवरच चालतं, आणि गिटने जुन्या तारखा परत आणल्या असत्या तर जुन्या ब्रँचवर गेल्यावर मेकला काही बदललंय हे कळलंच नसतं. पण ‘सगळ्यात अलीकडे लिहिलेला लेख कुठला’ हे गिटने नुकत्याच उतरवलेल्या प्रतीतल्या (क्लोनमधल्या) तारखांवरून ठरवायला गेलात, तर उत्तराला काही अर्थ नाही. ते गिटच्या लॉगलाच विचारावं लागेल.

फोल्डरच्या तारखेनेही असंच फसायला होतं. फोल्डरचा एमटाईम त्यात नाव आलं, गेलं किंवा बदललं की पुढे सरकतो. आतल्या फाईलमध्ये नुसता मजकूर बदलला तर फोल्डरला पत्ताही नसतो. फोल्डरची तारीख पाहून ‘आत काही बदललं नाही’ असा निष्कर्ष काढू नये. ‘फाइंड’ला आत पाठवून एकेक फाईल बघायला लावावी.

## खुणेची फाईल कामाआधी की कामानंतर?

या विषयात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सगळ्यात उशिरा कळतं.

बॅकअपची नेहमीची रीत अशी: एक रिकामी फाईल खूण म्हणून ठेवायची. ‘फाइंड’ला ‘-न्यूअर’ देऊन त्या खुणेपेक्षा नव्या फाईली शोधायच्या, त्या कॉपी करायच्या आणि शेवटी खुणेला ‘टच’ करायचं. पुढच्या खेपेला तिथून पुढचं.

बॅकअप १०:००ला सुरू झाला आणि १०:०५ला संपला असं धरू. १०:०१ला एक फाईल कॉपी झाली. १०:०३ला कुणीतरी तीच फाईल बदलली. १०:०५ला खुणेवर शिक्का पडला. आता पुढच्या खेपेला ती फाईल खुणेपेक्षा जुनी आहे, म्हणून सुटते. त्याच्या पुढच्या खेपेलाही सुटते. कुणी पुन्हा तिला हात लावेपर्यंत बॅकअपमध्ये जुनाच मजकूर राहतो आणि प्रत्येक वेळी स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणून संपते.

उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी ‘नवी खूण’ या नावाने दुसरी फाईल ‘टच’ करायची. मग जुन्या खुणेशी तुलना करून काम उरकायचं. ते नीट पार पडलं तरच ‘एमव्ही’ने नवी खूण जुनीच्या जागी आणायची. ‘एमव्ही’ एमटाईम बदलत नाही, म्हणून खुणेवर १०:००चीच वेळ राहते. मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली तर जुनी खूण शाबूत असते आणि पुढची खेप तिथूनच सुरू होते. किंमत एवढीच की काम चालू असताना बदललेली एखादी फाईल दोनदा कॉपी होते. डिस्क ढोबळ वेळ नोंदवणारी असेल तर नवी खूण ‘टच -डी’ने दोन-चार सेकंद मागची करावी, म्हणजे बरोबरीत सापडलेलीही सुटणार नाही.

तरी एक गट निसटतो: जुन्या तारखा घेऊन आलेल्या फाईली. आज ‘टार’मधून सोडलेली पाच वर्षांपूर्वीची फाईल खुणेपेक्षा नवी कशी ठरणार? इथे सीटाईम उपयोगी पडतो, कारण या डिस्कवर ती आजच आली आहे. ग्नूच्या ‘फाइंड’मध्ये ‘-सीन्यूअर’ आहे, ते फाईलचा सीटाईम खुणेच्या एमटाईमशी ताडून बघतं. पण त्याच डिस्कवर अख्खा फोल्डर ‘एमव्ही’ने इकडून तिकडे हलवला, तर आतल्या फाईलींचा सीटाईमही हलत नाही. असे बदल तारखांनी पकडता येत नाहीत. त्यासाठी फाईलनावांची यादीच मागच्या यादीशी ताडावी लागते.

जाता जाता: ‘फाइंड’चं ‘-एमटाईम +१’ म्हणजे एक दिवसाहून जुन्या फाईली, असं वाटतं. ते चोवीस तासांचे पूर्ण तुकडे मोजतं आणि उरलेलं सोडून देतं, म्हणून ४७ तासांची फाईलही त्याच्या लेखी एकच दिवसाची. ती पकडायची असेल तर मिनिटं मोजणारं ‘-एममिन’ घ्यावं.

## आणि घड्याळच चुकलेलं असेल तर?

एकाच संगणकावर हे क्वचित घडतं. नेटवर्कवरच्या डिस्कवर मात्र फाईलवरचा शिक्का सर्व्हरच्या घड्याळाचा आणि स्क्रिप्टमधलं ‘आत्ता’ आपल्या घड्याळाचं, असं होऊ शकतं. ‘मेक’ अशा वेळी ‘क्लॉक स्क्यू डिटेक्टेड’ असा इशारा देतं. पुष्कळ जण तो नजरेआड करतात. करू नये, कारण भविष्यातली तारीख पडलेली फाईल तो क्षण उजाडेपर्यंत सगळ्यांपेक्षा नवीच राहते.

शोधायची युक्ती अशी: त्याच डिस्कवर एक तात्पुरती फाईल बनवून तिच्यात एखादं अक्षर लिहावं आणि संशयित फाईल तिच्यापेक्षा नवी आहे का ते विचारावं. ‘हो’ आलं तर तारीख उद्याची आहे. यात स्क्रिप्टला स्वतःच्या घड्याळाकडे बघावंच लागत नाही. दोन्ही शिक्के एकाच ठिकाणचे असतात.

## मग सरळ मजकूरच का ताडू नये?

ताडावा, पण किंमत बघून. ‘एसएचए२५६सम’सारखी आज्ञा फाईलच्या मजकुराचा ठसा काढते, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो आणि तारखेशी त्याला देणंघेणं नसतं. त्यासाठी अख्खी फाईल वाचावी लागते, तर एमटाईम नुसत्या नोंदीतून मिळतो. लाखभर फाईलींच्या बाबतीत हा फरक भारी पडतो. शिवाय आधीचा ठसा कुठेतरी जपून ठेवावा लागतो, आणि दोन ठसे वेगळे आले तरी त्यांतला नवा कुठला हे ठसा सांगत नाही.

म्हणून मुरलेली साधनं दोन्ही वापरतात. ‘आरसिंक’ एरवी आकार आणि एमटाईम बघतं, ‘-सी’ दिलं तर मजकूर तपासतं. गिट तारीख, आकार वगैरे नोंदींवरून बदल ओळखतं, पण फाईलची वेळ त्याच्या स्वतःच्या नोंदवहीच्या वेळेइतकीच किंवा तिच्या नंतरची निघाली की तारखेवर विश्वास न ठेवता मजकूर वाचतं. आपल्या छोट्या स्क्रिप्टमध्येही हे करता येतं. अहवाल आधी तात्पुरत्या नावाने बनवायचा, ‘सीएमपी -एस’ने जुन्याशी ताडायचा आणि वेगळा असेल तरच ‘एमव्ही’ने जागेवर ठेवायचा. मग अहवालावर अवलंबून असलेली पुढची कामं उगाच पुन्हा होत नाहीत. मात्र मजकूर तोच निघाला तर अहवालावर जुनाच शिक्का राहील, यादी त्याच्यापेक्षा नवी दिसत राहील आणि दर खेपेला अहवाल पुन्हा बनवला जाईल. तेव्हा अशा स्क्रिप्टमध्ये यादीची तुलना अहवालाशी न करता, काम सुरू होताना ‘टच’ केलेल्या आणि यशानंतर जागेवर आणलेल्या वेगळ्या खुणेशी करावी.